चाळीस, अकरा, चाळीस: दुचाकीच्या टायरचा जगप्रवास

टायर वजनाने हलका असतो, पण जागा फार खातो. मोटारसायकलचे टायर भरलेला कंटेनर वजनाची मर्यादा गाठण्याच्या कितीतरी आधी गच्च भरतो आणि बोटीचं भाडं मालाबरोबर आतल्या पोकळीचंही द्यावं लागतं. म्हणून टायर नुसते थप्पी लावून ठेवत नाहीत. वेणी घालावी तसे तिरके, एकात एक अडकवून रचतात. काही कारखाने ते दाबून, एकाच्या पोटात दुसरा बसवून गठ्ठे बांधतात. एवढी खटपट प्रत्येक टायरमागचे चार पैसे वाचावेत म्हणून होते. पण बंदरात माल उतरल्यावर त्या टायरवर किती कर लागणार, तो लगेच सुटणार की परवान्यासाठी अडकणार, हे ठरतं कागदावरच्या एका आकड्याने. मोटारसायकलच्या नव्या टायरसाठी तो आकडा आहे ४०११४०.

ब्रसेल्समधल्या जागतिक सीमाशुल्क संघटनेने तयार केलेली मालाची वर्गवारी १ जानेवारी १९८८ पासून लागू झाली. आज दोनशेहून अधिक देश आणि प्रदेश ती वापरतात. जिवंत घोड्यापासून तैलचित्रापर्यंत विकण्यासारख्या प्रत्येक वस्तूला तीत सहा आकडी जागा आहे. जीएसटी आल्यापासून आपल्याकडचा लहान दुकानदारही बिलावर ‘एचएसएन कोड’ लिहितो, तो याच वर्गवारीतला. पहिले दोन आकडे प्रकरणाचे. ४० म्हणजे रबर आणि रबरी वस्तू. पुढचे अकरा म्हणजे हवा भरायचे नवे रबरी टायर. शेवटचे दोन आकडे गाडी कोणती ते सांगतात: मोटारीला १०, बस आणि ट्रकला २०, विमानाला ३०, मोटारसायकलला ४०, सायकलला ५०. शेतीची यंत्रं, बांधकाम आणि खाणीची वाहनं यांच्या ओळी पुढे येतात. भारताने आपल्या सोयीसाठी आणखी दोन आकडे जोडून मोटारसायकल आणि स्कूटर वेगळ्या केल्या आहेत.

रबर कशाला म्हणायचं, हेसुद्धा या वर्गवारीच्या ग्रंथात मोजमापासह लिहिलेलं आहे. कृत्रिम रबर म्हणवून घेणाऱ्या पदार्थाची गंधकाने प्रक्रिया केल्यानंतर परीक्षा होते. अठरा ते एकोणतीस अंश सेल्सिअस तापमानात तो मूळ लांबीच्या तिप्पट ताणला तरी तुटता कामा नये. दुप्पट ताणून सोडला तर पाच मिनिटांच्या आत मूळ लांबीच्या दीडपटीपर्यंत तरी परतला पाहिजे. जमलं तर तो ४० व्या प्रकरणात बसतो, नाहीतर त्याची रवानगी बहुधा प्लास्टिकच्या ३९ व्या प्रकरणात होते. करआकारणीच्या रूक्ष कायद्यात अशी प्रयोगशाळेची परीक्षा सापडते, तेव्हा हे नियम लिहिणाऱ्यांची चिकाटी मानावी लागते.

टायर हा मोटारसायकलचा सुटा भाग आहे, मग तो सुट्या भागांतच मोजायला हवा, असं कुणालाही वाटेल. सुट्या भागांसाठी ८७१४ हे चार आकडी शीर्षक आहेच. पण टायरसाठी स्वतंत्र शीर्षक असल्यामुळे एकटा टायर रबराच्या प्रकरणातच राहतो. तोच टायर रिमवर चढवून पूर्ण चाक म्हणून पाठवला, तर ते चाक मोटारसायकलचा भाग ठरतं आणि ८७१४ मध्ये जातं. टायरच्या आतली ट्यूब ४०१३ मध्ये मोडते. टायर वापरून गुळगुळीत झाला किंवा त्यावर नवा पट्टा चढवून रिमोल्ड केला, की तो ४०१२ मध्ये येतो. तिथे मोटार, ट्रक आणि विमानाच्या रिमोल्ड टायरला वेगळ्या ओळी आहेत, दुचाकीला मात्र ‘इतर’मध्ये समाधान मानावं लागतं. फाडून भंगार केलं की ४००४. आणि टायर बसवलेली अख्खी मोटारसायकल बोटीत चढली, तर टायर टायर म्हणून कुठेच नोंदला जात नाही. तो ८७११ मधल्या गाडीचा हिस्सा होऊन जातो.

दुचाकीच्या टायरच्या जागतिक व्यापाराची आकडेवारी पाहताना ही शेवटची गोष्ट सहसा सुटते. २०२४-२५ मध्ये भारतातून सुमारे ४२ लाख दुचाकी निर्यात झाल्या. त्यांतल्या काही सुट्या करून खोक्यात भरून जातात, पण सुटी केलेली गाडीही वर्गवारीच्या नियमांनुसार पूर्ण गाडीच मानली जाते. म्हणजे वाळूज किंवा चाकणहून निघालेल्या गाड्यांबरोबर जे टायर आफ्रिकेत आणि लॅटिन अमेरिकेत पोहोचतात, त्यांचा ४०११४० च्या आकड्यांत मागमूस नसतो. देशभरातल्या अशा टायरची संख्या ऐंशी लाखांच्या घरात जाईल. नुसत्या टायरच्या निर्यातीवरून या धंद्यात भारताचं बळ जोखणं म्हणूनच अपुरं आहे.

वर्गवारीत खरी कसोटी लागते ती ‘अमुक वाहनावर वापरण्याच्या प्रकारचा’ या शब्दांपाशी. टायर प्रत्यक्ष कुठल्या गाडीला बसेल हे कस्टम्सच्या अधिकाऱ्याला बंदरात दिसत नाही. तो कोणत्या प्रकारचा आहे, हे त्याच्या घडणीवरून ओळखायचं असतं. ४.००-८ हे माप घ्या. आपल्या रस्त्यांवरच्या रिक्षाला हा टायर लागतो, काही जुन्या स्कूटरांना तो लागत असे आणि युरोपात बांधकामावरच्या एकचाकी ढकलगाडीलाही याच मापाचा टायर असतो. माप एक, पण वाहनं तीन आणि कर वेगवेगळे. मग पुरावे शोधावे लागतात. मोटारसायकल वळणावर कलते, म्हणून तिच्या टायरचा माथा गोलसर असतो. ट्रेलर किंवा ढकलगाडीच्या टायरचा सपाट. बाजूच्या भिंतीवर मापाच्या पुढे ‘एम/सी’ अशी खूण असेल, तर तो मोटारसायकलसाठीच बनवला आहे. ‘एनएचएस’ असेल, तर तो हमरस्त्यावर चालवायचा नाही. भार आणि वेगाची अक्षरं, कारखान्याचा कॅटलॉग, बीजक हे सगळं पाहून निर्णय होतो.

हा निर्णय आधी आयातदारालाच घ्यावा लागतो. भारतात २०११ पासून स्वयंनिर्धारणाची पद्धत आहे. बिल ऑफ एंट्रीवर कोड लिहून करही स्वतःच मोजायचा. अधिकाऱ्याला पुढे चूक आढळली, तर दोन वर्षांपर्यंत मागे जाऊन फरक वसूल करता येतो. माहिती दडवल्याचं सिद्ध झालं तर पाच वर्षांपर्यंत. शंका असणाऱ्याने माल मागवण्याआधीच अग्रिम निर्णय मागावा, यासाठी मुंबई आणि दिल्लीत प्राधिकरणं आहेत. अनुभवी सीएचए, म्हणजे कस्टम्सची कामं करून देणारा एजंट, नव्या आयातदाराला हेच सुचवतो, कारण बंदरात अडकलेल्या कंटेनरचं दररोजचं भाडं वकिलाच्या फीपेक्षा लवकर वाढतं.

विजेवरच्या दुचाकींनी हा गुंता वाढवला आहे. ८७११ मध्ये मोटारसायकली, मोपेड आणि मोटर बसवलेल्या सायकली सगळ्या एकत्र आहेत. म्हणजे पेडल मारत चालवायची ई-बाइकही कागदोपत्री मोटारसायकलच्या घरात राहते. तिचा टायर मात्र बहुतेक वेळा साध्या सायकलचाच असतो. तो मोटारसायकलचा म्हणायचा की सायकलचा? युरोपात मूळ दर साडेचार टक्के आणि चार टक्के, फरक किरकोळ. भारतात सायकलच्या टायरवर जीएसटी ५ टक्के आहे, तर मोटारसायकलच्या टायरवर सप्टेंबर २०२५ पर्यंत तो २८ टक्के होता आणि त्यानंतर १८ टक्के झाला.

दर उतरला हे चांगलं झालं. तरी एक विसंगती उरली आहे. विजेवर चालणारी स्कूटर नवी घेताना जीएसटी ५ टक्के लागतो, तिच्या टायरसकट. दोन-तीन वर्षांनी टायर झिजले आणि नवे घ्यायला गेलं, की त्यावर १८ टक्के. घरोघर सामान पोहोचवणारी मुलं याच स्कूटरवर दिवसभर फिरतात. त्यांचे टायर लवकर झिजतात आणि वाढीव कराचा भार त्यांच्यावर पडतो. सरकारला विजेची वाहनं रस्त्यावर हवी असतील, तर ती धावती ठेवण्याचा खर्चही त्याच मापाने मोजायला हवा.

एका ओळीच्या फरकाने धंद्याचं नशीब कसं पालटतं, याचं ठळक उदाहरण २००९ मधलं आहे. अमेरिकेने त्या वर्षी सप्टेंबरमध्ये चीनमधून येणाऱ्या मोटारींच्या आणि हलक्या ट्रकच्या टायरवर तीन वर्षांसाठी जादा कर बसवला: पहिल्या वर्षी ३५ टक्के, मग ३०, मग २५. चीनने जागतिक व्यापार संघटनेत दाद मागितली आणि २०११ मध्ये तो हरला. या सगळ्या काळात त्याच ४०११ शीर्षकाखाली राहणाऱ्या मोटारसायकलच्या टायरला या जादा कराची झळ लागली नाही. अमेरिकेच्या दरपत्रकात त्यावरचा मूळ दर शून्य होता. ब्राझीलमध्ये उलट घडलं. तिथे दुचाकींचा वापर प्रचंड, टायरचे स्थानिक कारखानेही मोठे. २०१३ च्या अखेरीस ब्राझीलने चीन, थायलंड आणि व्हिएतनाममधून येणाऱ्या मोटारसायकलच्या नव्या टायरवरच अँटी-डम्पिंग शुल्क लावलं.

ब्राझीलने टायरच्या आणखी एका खटल्याने जगाचं लक्ष वेधलं होतं, आणि तो कहाणीसारखा वाचावा असा आहे. २००० मध्ये त्या देशाने रिमोल्ड टायरच्या आयातीवर बंदी घातली. कारण सांगितलं आरोग्याचं. रिमोल्ड टायरचं आयुष्य थोडं, त्यामुळे कचरा लवकर होतो. उघड्यावर पडलेल्या टायरमध्ये पावसाचं पाणी साचतं, त्यात डेंग्यू पसरवणारे डास अंडी घालतात. टायरच्या ढिगाला आग लागली तर विषारी धूर होतो. पुण्या-मुंबईत पावसाळ्यात पालिकेची माणसं गच्चीवरचे जुने टायर हटवायला सांगतात, ते याच कारणाने. युरोपीय समुदायाने २००५ मध्ये या बंदीविरुद्ध तक्रार केली. मधल्या काळात उरुग्वेने मर्कोसूर या प्रादेशिक संघटनेच्या लवादाकडे जाऊन स्वतःपुरती सूट मिळवली होती आणि ब्राझीलच्या काही न्यायालयांनी जुने टायर आणायला अंतरिम परवानग्या दिल्या होत्या. डिसेंबर २००७ मध्ये जागतिक व्यापार संघटनेच्या अपील मंडळाने निकाल दिला. माणसांचं आरोग्य जपण्यासाठी अशी बंदी आवश्यक ठरू शकते, हे मंडळाने मान्य केलं. पण एका दाराने अडवायचं आणि दुसऱ्या दोन दारांनी आत घ्यायचं, हा भेदभाव चालणार नाही, असंही बजावलं. २००९ मध्ये ब्राझीलच्या सर्वोच्च न्यायालयाने वापरलेल्या टायरच्या आयातीचं ते दारही बंद केलं. डासाची भीती जागतिक व्यापाराच्या कायद्यात ग्राह्य ठरली, हे गरीब देशांच्या दृष्टीने मोठं घडलं.

भारताची गोष्ट रबराच्या झाडापासून सुरू होते. नैसर्गिक रबराच्या आयातीवर आपल्याकडे २५ टक्के किंवा किलोला ३० रुपये, यांतलं जे कमी असेल ते शुल्क आहे. हेतू केरळ आणि त्रिपुरातल्या लहान उत्पादकांना आधार देण्याचा. तयार टायरवरचं शुल्क मात्र १० ते १५ टक्के, आणि मुक्त व्यापार करार असलेल्या देशांतून आल्यास त्याहून कमी होऊ शकतं. कच्च्या मालावर जास्त आणि तयार मालावर कमी, अशी ही उलटी उतरंड. टायर कंपन्या याबद्दल वर्षानुवर्षं तक्रार करत आल्या आहेत आणि तक्रारीत तथ्य आहे. २०२३-२४ मध्ये देशात साडेआठ लाख टनांच्या आसपास नैसर्गिक रबर पिकलं आणि गरज होती चौदा लाख टनांच्या पुढे. तूट आयातीनेच भरते.

यातून एक पळवाट निघाली होती. नैसर्गिक रबर ४००१ मध्ये येतं. त्यात काजळी किंवा इतर द्रव्यं मिसळली, की ते मिश्र रबर म्हणून ४००५ मध्ये जातं आणि तिथे शुल्क होतं फक्त १० टक्के. अर्थमंत्र्यांनी फेब्रुवारी २०२३ च्या अर्थसंकल्पात मिश्र रबराचं शुल्क नैसर्गिक रबराइतकंच केलं आणि शुल्क चुकवण्याला आळा घालणं हा हेतू भाषणातच सांगितला. रबर तेच, कोड बदलला की कर निम्म्याहून कमी. म्हणून कारखान्यांचे सल्लागार वर्गवारीचा ग्रंथ इतक्या बारकाईने वाचतात.

तयार टायरच्या बाबतीत सरकारने दराऐवजी परवान्याचा मार्ग धरला. १२ जून २०२० रोजी विदेश व्यापार महासंचालनालयाने मोटार, बस, ट्रक, स्कूटर, मोटारसायकल आणि सायकलच्या नव्या टायरची आयात ‘मुक्त’ यादीतून काढून ‘प्रतिबंधित’ यादीत टाकली. ही बंदी नव्हे, पण प्रत्येक आयातदाराला आधी परवाना घेणं आलं. देशी उद्योगाला संरक्षण हवं, हे समजण्यासारखं आहे. पण दर वाढवला असता, तर ग्राहकाला किंमत आधी कळली असती आणि व्यापाऱ्याला हिशेब मांडता आला असता. परवाना कधी मिळेल, किती टायरसाठी मिळेल, याचा हिशेब कुणालाच मांडता येत नाही. मोठ्या इंजिनाच्या परदेशी गाड्या बाळगणाऱ्यांना योग्य मापाचे टायर मिळेनासे झाले आणि जे मिळाले त्यांचे भाव चढले. हा वर्ग लहान आहे, त्याच्याबद्दल फारशी सहानुभूती वाटणार नाही. तरी ताशी दीडशे किलोमीटरने धावू शकणाऱ्या गाडीला झिजलेला किंवा चुकीच्या वेगक्षमतेचा टायर असणं हा रस्त्यावरच्या सगळ्यांच्याच जिवाचा प्रश्न आहे. इंडोनेशियासारख्या देशांनी जागतिक व्यापार संघटनेत या परवान्यांवर प्रश्न उपस्थित केले.

परवान्याच्या आधीपासून आणखी एक अट होती: दर्जाची. दुचाकी आणि तीनचाकीच्या टायरसाठी भारतीय मानक आयएस १५६२७ आहे आणि आयात टायरवरही आयएसआयचा शिक्का बंधनकारक आहे. म्हणून इंडोनेशियात बनलेल्या इटालियन कंपनीच्या टायरवर युरोपची ‘ई’ खूण, अमेरिकेची ‘डीओटी’ ही अक्षरं आणि आपला आयएसआय, असे तीन शिक्के शेजारी दिसू शकतात. ‘डीओटी’च्या ओळीतले शेवटचे चार आकडे टायर बनल्याचा आठवडा आणि वर्ष सांगतात, २४२३ म्हणजे २०२३ चा चोविसावा आठवडा. टायर घेताना प्रत्येकाने हे चार आकडे वाचावेत. दुकानात पडून राहिलेलं रबर न वापरताही कडक होत जातं.

महाराष्ट्राचा या व्यापाराशी संबंध जुना आहे. सिएट ही कंपनी १९२४ मध्ये इटलीतल्या तुरीन शहरात विजेच्या केबल बनवण्यासाठी निघाली, ते तिच्या नावातही आहे. १९५८ मध्ये ती मुंबईत आली आणि भांडुपला कारखाना उभा राहिला. पुढे नाशिक आणि खास दुचाकीच्या टायरसाठी नागपूरजवळ बुटीबोरी. आज सर्व प्रकारच्या टायरची मिळून भारताची वार्षिक निर्यात २५ हजार कोटी रुपयांच्या आसपास आहे आणि सर्वात मोठा ग्राहक अमेरिका आहे. २०२५ मध्ये अमेरिकेने भारतीय मालावर जादा कर लावले, तेव्हा दरपत्रकातल्या शून्यावर विसंबता येत नाही हे निर्यातदारांना समजलं.

युरोपकडून येणारी अट वेगळ्या जातीची आहे. जंगलतोड करून पिकवलेल्या मालाला युरोपीय संघाच्या बाजारात जागा नाही, असा कायदा २०२३ मध्ये झाला. त्याच्या परिशिष्टात रबर आहे आणि ४०११ हे शीर्षकही आहे. त्यात मोटारसायकलचा टायर आपोआप आला. कायदा लागू होण्याची तारीख दोनदा पुढे ढकलली गेली आणि आता मोठ्या कंपन्यांसाठी ती २०२६ च्या डिसेंबरअखेर आहे. टायरमधलं नैसर्गिक रबर ज्या मळ्यातून आलं, त्या जमिनीचे अक्षांश-रेखांश द्यावे लागतील आणि मळा चार हेक्टरांहून मोठा असेल तर पूर्ण सीमारेषा. भारताला युरोपने कमी जोखमीच्या देशांत धरलं आहे, त्यामुळे तपासणी सौम्य राहील, पण जमिनीचा ठावठिकाणा देणं चुकणार नाही.

आपल्याकडचं रबर पिकतं कोट्टायमच्या परसात, त्रिपुराच्या टेकड्यांवर आणि थोडंफार सिंधुदुर्गात, दोडामार्ग-सावंतवाडीच्या बाजूला. बहुतेक मळे लहान. पहाटे झाडाला चीर देऊन चीक गोळा करायचा, शीट वाळवायचे आणि गावच्या व्यापाऱ्याला विकायचे. त्याच्या गुदामात पन्नास मळ्यांचं रबर एकत्र होतं. कुठलं शीट कुणाचं, ते पुढे कुणालाच सांगता येत नाही. रबर बोर्डाने मळ्यांचे नकाशे करून दाखले देण्याचं काम हाती घेतलं आहे. या कामाचा खर्च कुणी सोसायचा, हे आत्ताच ठरायला हवं. युरोपच्या बाजारात टायर विकून नफा कंपन्या कमावणार आहेत, तेव्हा नकाशांचे पैसे त्यांच्याकडून यावेत. अर्ध्या हेक्टरच्या मालकाच्या रबराच्या भावातून ते कापले जाऊ नयेत.